थंडीच्या देशातून मालदीवला : खोली निवडण्याआधी

२१ डिसेंबरला हेलसिंकीत दिवस जेमतेम पावणेसहा तासांचा असतो, स्टॉकहोममध्ये सहा तासांचा आणि लंडनमध्ये आठ तासांना थोडा कमी. त्याच दिवशी मालदीवची राजधानी मालेच्या आकाशात सूर्य जवळजवळ बारा तास असतो आणि समुद्राचं पाणी २८ अंशांच्या आसपास कोमट असतं. उत्तर युरोपातली माणसं दर हिवाळ्यात दहा-अकरा तास विमानात बसून हिंदी महासागरातल्या एखाद्या चिमुकल्या बेटावर का जातात, याचं निम्मं उत्तर या आकड्यांतच आहे. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं शास्त्रीय वर्णन केलं. उजेडाची ही भूक म्हणजे नुसती चैन नव्हे, हे तेव्हापासून डॉक्टरही मानतात. लंडन, म्युनिक, स्टॉकहोम इथल्या मराठी घरांतही दिवाळी उरकली, घड्याळ मागे गेलं आणि चार वाजताच दिवे लावावे लागले, की "यंदा कुठेतरी उन्हात जाऊ या" हा विषय निघतोच.

तो निघाला की सगळे एकाच जागेपासून सुरुवात करतात: पाण्यावर लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या खोलीच्या फोटोपासून. माझं म्हणणं असं की खोली सगळ्यात शेवटी ठरवावी. सुट्टी चांगली होते की वाईट, हे ऋतू, विमान उतरण्याची वेळ, बेटाची कुठली बाजू, किती रात्री आणि पाण्याखाली काय आहे या गोष्टींवर ठरतं. फोटोत यातली एकही दिसत नाही.

आधी मालदीवच का, हे पाहायला हवं. थंड देशातल्या माणसाला सुट्टी हवी असते डिसेंबर ते मार्च या काळात. मग प्रश्न एवढाच उरतो की त्या काळात कोरडं, शांत समुद्राचं बेट कुठलं? नकाशावर सगळी उष्ण बेटं सारखीच दिसतात, पण त्यांचे पावसाळे निरनिराळे आहेत. बाली डिसेंबर-जानेवारीत पावसात असतं. फिजीत नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम असतो. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, तिथेही वादळं मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्येच येतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदणाऱ्या मराठी समाजाच्या ओढीने जायचं असेल तर मे ते ऑक्टोबरमध्ये जावं, युरोपच्या हिवाळ्यात नव्हे. थायलंडमध्ये तर एकाच देशाची दोन बेटं वेगळी वागतात. पश्चिमेचं फुकेत नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं असतं आणि पूर्वेच्या आखातातल्या सामुईवर ऐन नोव्हेंबरात सर्वांत जास्त पाऊस पडतो. झांझिबारला डिसेंबर ते फेब्रुवारी बरा, पण मार्चच्या मध्यापासून मोठा पाऊस धरतो. कॅरिबियन बेटांचा वादळी हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो, त्यामुळे हिवाळ्यात ती उत्तम. टोरांटो किंवा न्यूयॉर्कच्या माणसाने तिकडेच जावं. त्याने मालदीवचा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही: टोरांटो आणि माले यांच्या घड्याळांत हिवाळ्यात दहा तासांचा फरक असतो आणि वाटेत विमान बदलावंच लागतं. युरोपातल्या माणसासाठी मात्र मालदीव बरोबर बसतं. लंडनपासून सुमारे साडेआठ हजार किलोमीटर, काही शहरांतून थेट विमान, बर्लिनशी चार तासांचा फरक आणि लंडनशी पाच.

या देशाचा भूगोल समजला की बरंच नियोजन आपोआप होतं. सुमारे १,२०० प्रवाळबेटं, २६ नैसर्गिक कंकणद्वीपं, उत्तर-दक्षिण पसारा आठशे किलोमीटरहून जास्त, आणि एवढ्या पसाऱ्यात जमीन फक्त ३०० चौरस किलोमीटर. जमिनीची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून सुमारे दीड मीटर. बेट नावाची जी गोष्ट आपण विकत घेतो ती बहुधा दहा-पंधरा मिनिटांत चालून संपते. जेवण, डॉक्टर, दुकान, फिरणं सगळं त्या एका बेटावरच. एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट ही पद्धत इथे सुरुवातीपासून रुळली. जॉर्ज कॉर्बिन या इटालियन पर्यटन व्यावसायिकाने १९७२ मध्ये पहिला इटालियन गट आणला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं. प्रवाळाच्या भिंती, माडाच्या झावळ्यांची छपरं आणि ताटात रोज मासा अशी ती सुरुवात होती. २०२४ मध्ये या देशात २० लाखांहून जास्त पर्यटक आले. देशाची स्वतःची वस्ती पाच लाखांच्या आसपास आहे.

आता ऋतू. इथे दोनच वारे: ईशान्येचा इरुवाई आणि नैर्ऋत्येचा हुळंगू. मालदीवच्या कोळ्यांचं पारंपरिक पंचांग वर्षाचे २७ भाग पाडतं, प्रत्येक भाग तेरा-चौदा दिवसांचा, आणि ते आपल्या २७ नक्षत्रांचेच भाऊबंद आहेत. मृगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस असं बोलणाऱ्या घरातल्या माणसाला ते चटकन उमगेल. या पंचांगाप्रमाणे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इरुवाई आणि उरलेलं सगळं वर्ष हुळंगू. म्हणजे कोरडा काळ जेमतेम चार महिन्यांचा. त्यातला फेब्रुवारी सर्वांत कोरडा. हा कोरडेपणा उत्तरेकडच्या बेटांवर जास्त ठळक असतो. दक्षिणेला, विषुववृत्ताजवळच्या अड्डूकडे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतच राहतो. फेब्रुवारीत जाऊनही पावसात सापडल्याची तक्रार करणाऱ्यांनी पुष्कळदा दक्षिणेकडचं बेट घेतलेलं असतं.

नाताळ आणि नववर्षाचे दोन आठवडे मी टाळायला सांगेन. त्या दिवसांत भाव वर्षातले सर्वांत चढे असतात, कमीत कमी अमुक रात्री राहण्याची अट असते आणि ३१ डिसेंबरच्या मेजवानीचे पैसे बहुतेक ठिकाणी सक्तीने लावले जातात. पण खरं कारण वेगळंच आहे. युरोपातला डिसेंबर अंधारा असला तरी त्याला दिव्यांची, बाजारांची, भेटीगाठींची सोबत असते. अंधार अंगावर येतो तो जानेवारीत, सगळी रोषणाई उतरल्यावर. म्हणून जानेवारीचा दुसरा पंधरवडा मला या सुट्टीसाठी सर्वांत योग्य वाटतो: इरुवाई स्थिरावलेला, नववर्षाची गर्दी ओसरलेली, फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या अजून लांब. ज्यांना पैशांचा ताण आहे त्यांनी ईस्टर उलटल्यानंतरचा एप्रिल पाहावा. भाव उतरू लागतात, समुद्र बहुधा आरशासारखा असतो, फक्त उकाडा सोसण्याची तयारी हवी. आणि ज्यांना मोठे मांटा मासे पाहायचे आहेत त्यांनी तर उलटाच हिशेब करावा. बा कंकणद्वीपातला हनीफारू उपसागर, २०११ पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राचा भाग, जून ते नोव्हेंबर या पावसाळी महिन्यांतच मांटांनी भरतो. तिथे फक्त स्नॉर्केल करता येतं, टाक्या लावून बुडी मारायला मनाई आहे.

याच वाऱ्याशी निगडित एक गोष्ट आहे, जी मला कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापलेली दिसत नाही. मालदीवच्या बेटांची वाळू स्थिर नसते. एका मोसमात ती बेटाच्या एका बाजूला साचते, दुसऱ्या मोसमात लाटा तिला फिरवून दुसऱ्या बाजूला नेतात. भूगोलाच्या अभ्यासकांनी हे मोजलं आहे. म्हणजे फेब्रुवारीत ज्या खोलीसमोर रुंद पुळण असते तिच्यासमोर ऑगस्टमध्ये पाणी थेट पायरीपर्यंत आलेलं असू शकतं. शिवाय इरुवाईत पूर्वेची बाजू वाऱ्याची आणि पश्चिमेची शांत. हुळंगूत नेमकं उलट. सूर्यास्ताच्या, म्हणजे पश्चिमेच्या, खोल्यांना सगळीकडे जास्त पैसे पडतात. जानेवारीत ते पैसे सार्थकी लागतात, पण जुलैत त्याच खोलीसमोर पाणी खवळलेलं असतं. आरक्षणाआधी रिसॉर्टला एकच प्रश्न लिहून विचारावा: आम्ही येतोय त्या महिन्यात तुमची कुठली बाजू शांत असते आणि वाळू कुठे असते? ज्यांना बेटाची माहिती आहे ते नीट उत्तर देतात. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं बेट बघावं.

यानंतर येतो मालेच्या विमानतळापासून बेटापर्यंतचा प्रवास, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतात. जवळच्या बेटांना स्पीडबोट नेते. फार लांबच्या बेटांना देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. मधल्या सगळ्यांना सीप्लेन. हे ट्विन ऑटर जातीचं, साधारण पंधरा जणांचं, पाण्यावर उतरणारं विमान, आणि मालदीवमधला त्यांचा ताफा जगातला सर्वांत मोठा आहे. ते नजरेने दिशा पाहून चालवलं जातं, म्हणून फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं आंतरराष्ट्रीय विमान दुपारी साडेतीन-चारनंतर उतरलं की त्या दिवशीचं सीप्लेन गेलं असं समजावं. मग माले किंवा हुळुमाले इथल्या हॉटेलात रात्र काढायची आणि इकडे रिसॉर्टच्या त्याच रात्रीचे, न वापरलेल्या खोलीचे पैसे भरायचे. परतीला हेच उलट होतं. विमान रात्री अकराचं असलं तरी बेट दुपारीच सोडावं लागतं. म्हणून तिकीट काढताना पाच-पन्नास युरोंच्या फरकापेक्षा उतरण्याची वेळ पाहावी. युरोपातून संध्याकाळी निघून सकाळी मालेला पोहोचणारं विमान थोडं महाग असलं तरी शेवटी स्वस्त पडतं. सामानाचीही मर्यादा आहे: सीप्लेनला साधारणपणे २० किलोची बॅग आणि ५ किलो हातात. थंडीचे जाड कोट इथेच नडतात. स्टेशनपर्यंत पोहोचवायला येणाऱ्याच्या हाती ते परत द्यावेत आणि अंगावर पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घालून निघावं.

सीप्लेनचा आणखी एक परिणाम गंभीर आहे. रिसॉर्टवर बहुधा डॉक्टर असतो, पण मोठं दुखणं मालेच्या रुग्णालयातच न्यावं लागतं आणि रात्री सीप्लेन उडत नाही. गरोदर बाई, हृदयविकार असलेले आईवडील, तान्हं मूल बरोबर असेल तर मालेपासून स्पीडबोटीच्या टप्प्यातलंच बेट घ्यावं. तिथला समुद्र थोडा कमी निर्जन असेल, वरून विमानं जाताना दिसतील, तरीही हा निर्णय बदलू नये. विम्यातही रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि बुडी मारणाऱ्यांसाठी वेगळं संरक्षण आहे का, हे कागद वाचून पाहावं.

पैशाचं गणित आता उघड मांडू. संकेतस्थळावर खोलीचा भाव रात्रीला ४०० डॉलर दिसला असं धरा. त्यावर १० टक्के सेवाशुल्क, म्हणजे ४४०. त्यावर पर्यटन वस्तू-सेवा कर, जो २०२३ मध्ये १२ वरून १६ टक्के झाला आणि जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. झाले जवळजवळ ५१५. शिवाय हरित कर: जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी दर रात्री १२ डॉलर, दोघांचे २४. म्हणजे ४०० ची खोली ५३९ ला पडली, आणि अजून पाण्याची बाटलीही घेतलेली नाही. सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं माणशी चारशे ते सहाशे डॉलरच्या घरात जातं. देश सोडतानाची दोन शुल्कंही डिसेंबर २०२४ पासून वाढली आहेत. इकॉनॉमी वर्गाच्या परदेशी प्रवाशाला दोन्ही मिळून १०० डॉलर पडतात, फक्त ती तिकिटात मिसळलेली असल्यामुळे दिसत नाहीत.

या गणितातून माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. प्रवासाचा खर्च एकदाच होतो, मग तुम्ही चार रात्री राहा की चौदा. दोघांच्या विमान आणि सीप्लेनचे समजा ३,००० डॉलर झाले. पाच रात्रींत वाटले तर रात्रीला ६००, बारा रात्रींत वाटले तर २५०. इतक्या लांब जाऊन पाच दिवसांत परतणं, त्यातले पहिले दोन झोपेच्या गोंधळात आणि शेवटचा बांधाबांधीत घालवणं, हा पैशाचा आणि शरीराचा दोन्हींचा अपव्यय आहे. पाण्यावरची खोली सोडून काठावरची साधी खोली घेतली तर तेवढ्याच पैशांत पुष्कळदा तीन-चार रात्री वाढतात. पाण्यावरच्या खोल्यांची कल्पना १९६७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर तीन अमेरिकन हॉटेलवाल्यांनी आणली, कारण त्या जागी चांगली पुळणच नव्हती. जिथे उत्तम पुळण आहे तिथे ती सोडून खांबांवर राहण्यासाठी दुप्पट मोजावेत असं मला वाटत नाही. लहान मुलांना तर अनेक रिसॉर्ट या खोल्यांमध्ये घेतच नाहीत.

जेवणाचं ठरवताना लक्षात ठेवावं की बेटावर शेजारी दुसरं हॉटेल नसतं. मासा आणि नारळ सोडला तर जवळपास सगळं बाहेरून येतं, म्हणून सुट्टं जेवण फार महाग. दोन वेळचं जेवण धरलेला दर बहुतेकांना पुरतो. मद्य रोज घेणाऱ्यांनीच सगळं समाविष्ट असलेला दर घ्यावा. शाकाहाऱ्यांची आता आबाळ होत नाही, कारण भारतीय पाहुणे मोठ्या संख्येने येतात आणि स्वयंपाकघरांत भारतीय व श्रीलंकन आचारी असतात. जैन जेवण हवं असेल तर आधी लिहून कळवावं.

रिसॉर्ट परवडत नसेल तर मार्ग संपत नाही. २००९-१० पासून सरकारने लोकवस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना परवानगी दिली आणि माफुशीसारख्या बेटांवर साध्या, स्वच्छ खोल्या रिसॉर्टच्या कितीतरी कमी दरात मिळू लागल्या. इथे हरित करही निम्मा, ५० पेक्षा कमी खोल्यांच्या अतिथिगृहात माणशी ६ डॉलर. समुद्र तोच, मासे तेच, आणि वर माणसं भेटतात. सकाळी ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची एकत्र चुरून केलेलं मस हुनी आणि पोळीसारखी रोशी खायला मिळते. पण हा इस्लामी देश आहे, हे मनापासून मान्य करून जावं. लोकवस्तीच्या बेटांवर मद्य मिळत नाही, पोहण्याचे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच चालतात, शुक्रवारी सरकारी फेरीबोटी बहुधा बंद. रमजानमध्ये दिवसा खाणावळी बंद असतात, आणि २०२७ पर्यंत तरी रमजान फेब्रुवारी-मार्चच्या ऐन हंगामात येतो. जानेवारीच्या बाजूने हेही एक कारण. कुठेही जा, बॅगेतून दारू किंवा डुकराचं मांस नेता येत नाही. विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. नोव्हेंबर २०२४ पासून व्हेपही आत आणता येत नाही. जाण्याआधी ९६ तासांच्या आत ऑनलाइन प्रवासी घोषणापत्र भरावं लागतं. व्हिसा जवळजवळ सर्वांना पोहोचल्यावर मोफत मिळतो.

शरीराबद्दल लोक फार कमी विचार करतात. शून्याखालच्या हवेतून एका रात्रीत तीस अंशांच्या दमट हवेत आलेल्या शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम कसा आणि किती गाळायचा हे ते हळूहळू शिकतं. पहिले दोन दिवस पाणी भरपूर प्यावं, दुपारी अकरा ते तीन सावलीत राहावं, मद्य बेताने घ्यावं. पूर्वेकडे पाच तास पुढे जाताना झोप उशिरा लागते. बरीच रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेपेक्षा आणखी एक तास पुढे ठेवतात, त्यामुळे लंडनच्या माणसाला हा फरक सहा तासांचा होतो. निघण्याआधी तीन-चार दिवस रोज अर्धा तास लवकर झोपावं आणि पोहोचल्यावर सकाळचं ऊन डोळ्यांना लागू द्यावं, एवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांहून लांब, बसून केलेल्या प्रवासानंतर पायातल्या शिरांत रक्त गोठण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. मुळात ती फार लहान, सुमारे सहा हजारांत एक, पण ज्यांना आधीच धोका आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलून जावं. बाकीच्यांनी विमानात उठून चालावं.

ऊन ही सर्वांत मोठी फसवणूक. माले चार अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या सुरुवातीला सूर्य तिथे थेट डोक्यावर येतो आणि जानेवारीतही फार ढळलेला नसतो. महिनोन्‌महिने कोटात असलेली कातडी वीस मिनिटांत भाजते, आणि पाण्यात तोंड खाली घालून मासे पाहत असताना पाठ भाजतेय हे कळतही नाही. आपली सावळी कातडी भाजत नाही हा समज घेऊन गेलेली अनेक मराठी कुटुंबं दुसऱ्याच दिवशी कोरफड शोधतात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा कुठल्याही मलमापेक्षा चांगला. तो प्रवाळांसाठीही चांगला: पलाऊने २०२० मध्ये आणि हवाईने २०२१ मध्ये ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं असलेल्या मलमांवर बंदी आणली. मलेरिया मालदीवमधून गेला आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये तसं प्रमाणित केलं; डेंगू मात्र आहे, आणि तो दिवसा चावणाऱ्या डासांमुळे होतो. टाक्या लावून बुडी मारणाऱ्यांनी शेवटच्या बुडीनंतर १८ ते २४ तास कुठल्याही विमानात, सीप्लेनमध्येही, बसू नये. परतीच्या आधीचा पूर्ण दिवस कोरडाच धरावा. पोहता न येणाऱ्यांनी पाण्यात जॅकेट घालूनच उतरावं. तिथल्या पर्यटकांच्या अपघातांत बुडण्याचा वाटा मोठा आहे, आणि प्रवाळभिंतीच्या खिंडींतून ओहोटीचा ओढा चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर नेतो.

ज्याच्यासाठी एवढं लांब जायचं ते प्रवाळ कसे आहेत, हे सांगताना मन जड होतं. १९९८ च्या उष्ण समुद्राने मालदीवच्या उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ पांढरे पाडले. ते सावरत होते तोवर २०१६ आलं, आणि त्या वेळी तपासलेल्या प्रवाळांपैकी सुमारे ६० टक्के पांढरे पडलेले आढळले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातली चौथी मोठी प्रवाळविरंजनाची लाट जाहीर केली. तरी सगळं संपलेलं नाही. काही बेटांची प्रवाळभिंत अजून जिवंत आहे, काहींसमोर नुसती वाळू आणि राखी दगड. निळ्या उथळ पाण्याचं फोटोतलं सुंदर सरोवर आणि किनाऱ्यापासून पोहत गाठता येणारी जिवंत भिंत, या दोन गोष्टी सहसा एकत्र मिळत नाहीत. मुलांना डुंबायचं असेल तर सरोवराचं बेट घ्यावं, मासे पाहायचे असतील तर भिंतीचं. अलीकडे तिथे नुकतंच पोहून आलेल्या माणसांची वर्णनं वाचावीत. दहा वर्षांपूर्वीची स्तुती आता कामाची नाही.

आपला भारही या बेटांवर पडतो. रिसॉर्टमधल्या प्रत्येक अंघोळीचं पाणी समुद्राचं खारं पाणी गाळून, डिझेल जाळून केलेलं असतं. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतल्या पाणी गाळण्याच्या कारखान्याला आग लागली आणि राजधानीच तहानली, तेव्हा भारताने विमानं आणि जहाजांनी पाणी पाठवलं होतं. 'ऑपरेशन नीर' हे त्या मोहिमेचं नाव. ही गोष्ट आठवली की रोज चादरी-पंचे बदलून मागायची इच्छा होत नाही. कचऱ्यासाठी थिलाफुशी नावाचं सबंध बेटच भरावं लागलं. आपण नेलेल्या बॅटऱ्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या, फुटके पोहण्याचे चष्मे परत घेऊन यावेत. प्रवाळाचा तुकडा मात्र कधीही आणू नये, तो बाहेर नेणं तिथे कायद्याने गुन्हा आहे.

राहिलं आरक्षण. वेगवेगळी तिकिटं आणि खोली स्वतः जोडून काढली तर काही पैसे वाचतात, पण एक विमान चुकलं की पुढचं सगळं आपल्या खिशातून. युरोपीय महासंघाच्या पॅकेज प्रवास कायद्याखाली किंवा ब्रिटनच्या १९७३ पासूनच्या अॅटॉल योजनेखाली घेतलेली सहल असेल तर कंपनी बुडाली तरी माणूस अडकत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक बुडाली तेव्हा परदेशात असलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारने घरी आणलं, ते याच व्यवस्थेच्या बळावर. सीप्लेनसारखी नाजूक कडी असलेल्या प्रवासात मी पॅकेजच्याच बाजूचा आहे. अपवाद एकच, आणि तो आपल्या लोकांना लागू पडतो: भारतात घरी जायचंच असेल तर मालदीव त्यालाच जोडावं. माले जवळजवळ पुण्याच्याच रेखावृत्तावर, मुंबईपासून थेट विमानाने पावणेतीन तासांच्या आसपास आहे. आईवडिलांबरोबर आठवडाभर राहून पुढे गेलं तर घड्याळ आणि उष्णता दोन्हींशी शरीर आधीच जुळलेलं असतं, आणि त्यांनाही बरोबर नेता येतं. भारतीय पासपोर्टवर तिथे ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं.

माझा कौल असा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा, सकाळी उतरणारं विमान, मध्य मालदीवमधलं जिवंत प्रवाळभिंत असलेलं एक बेट, पश्चिमेच्या काठावरची साधी खोली, दोन वेळचं जेवण आणि निदान दहा रात्री. पैसे कमी पडत असतील तर खोली उतरवा, रिसॉर्टऐवजी अतिथिगृह घ्या, पण रात्री कमी करू नका. आणि तेवढेही दिवस मिळत नसतील तर यंदा कॅनरी बेटांवर जा. ती युरोपातून चार-पाच तासांवर आहेत, आणि तिथलं हिवाळ्यातलं ऊन पाच दिवसांच्या सुट्टीला पुरतं.